सुपरिंटेंडंटचं दिवाळी शुभेच्छापत्र: मंडळाने काय उत्तर द्यायचं?

प्रेषक: कार्यवाह

मंडळी, सप्रेम नमस्कार.

20 ऑक्टोबर 2025 ला सकाळी इथल्या, न्यू जर्सीतल्या आपल्या स्कूल डिस्ट्रिक्टकडून, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या प्रमुखाच्या (सुपरिंटेंडंटच्या) सहीने, सगळ्या पालकांना दिवाळीचं शुभेच्छापत्र आलं. तेव्हापासून मंडळाच्या ईमेल लिस्टवर जे लिहिलं गेलं त्याचा गोषवारा असा: तारीख चुकली, मराठी मजकूर मोडका होता, पत्राच्या तळाशी मार्चमधल्या बाँड रेफरेंडमचा (शाळांसाठी कर्जरोखे काढावेत का, यावरच्या मतदानाचा) मजकूर होता, आणि शुभेच्छा देणाऱ्या डिस्ट्रिक्टने त्याच सोमवारी काही वर्गांत गणिताची परीक्षा घेतली. कार्यकारिणीला उत्तर पाठवायचं आहे. आभाराचं पाठवावं की निषेधाचं, यावर एकमत होत नाही. ज्यांना या गोष्टींची नेमकी माहिती आहे त्यांनी कृपया मुद्द्याला धरून लिहावं.

प्रेषक: पंचांग उपसमिती

तारखेचा आक्षेप आपण मागे घ्यावा. डिस्ट्रिक्टची तारीख बरोबर होती, आपल्यापैकी अनेकांची चुकली.

यंदा अमावस्या भारतीय वेळेनुसार 20 ऑक्टोबरला दुपारी 3:44 ला लागली आणि 21 ला संध्याकाळी 5:54 ला संपली. महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन 21 ला झालं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरातही तेच होतं. न्यू जर्सीत त्या वेळी साडेनऊ तासांचा फरक होता, म्हणजे इथे अमावस्या 20 ला सकाळी सव्वासहाच्या सुमारास लागली आणि 21 ला सकाळी साडेआठच्या आत संपली. 21 च्या संध्याकाळी इथे अमावस्या नव्हतीच. त्यामुळे इथलं लक्ष्मीपूजन सोमवारी 20 ला.

2024 सालीही हाच घोळ होता. इथल्या वेळेने प्रदोषकाळी अमावस्या 31 ऑक्टोबरला होती, म्हणजे नेमकी हॅलोविनच्या संध्याकाळी, आणि महाराष्ट्रात 1 नोव्हेंबरला. न्यूयॉर्क शहरातल्या शाळांना 1 नोव्हेंबरची सुट्टी होती. 2026 साली अडचण नाही, दोन्हीकडे रविवार 8 नोव्हेंबर. 2027 साली मात्र भारतात शुक्रवार 29 ऑक्टोबर आणि इथे गुरुवार 28. डिस्ट्रिक्टला आपण तारखा देणार असू, तर त्या इथल्या अक्षांश-रेखांशावर काढलेल्या द्याव्यात. मुंबईचं पंचांग बघून दिलेली एक तारीख चुकली की पुढची तीन वर्षं आपलं कुणी ऐकून घेणार नाही.

प्रेषक: स्मरणिका संपादन

मोडक्या मराठीबद्दल. पत्रात ‘दिवाळी’चं ‘दविाळी’ आणि ‘हार्दिक’चं ‘हार्दकि’ झालं होतं, जोडाक्षरांत हलंत वेगळे दिसत होते. हा कुणाचा निष्काळजीपणा किंवा अनादर नाही. देवनागरीत पहिली वेलांटी टंकताना व्यंजनानंतर येते, पण दिसते व्यंजनाच्या आधी. हा क्रम सॉफ्टवेअरने लावायचा असतो. इनडिझाइन या पानं मांडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदाचा कंपोझर (अक्षरं आणि ओळी जुळवणारा भाग) मूळ सेटिंगवर राहिला की तो लावला जात नाही, आणि ज्याला लिपी वाचता येत नाही त्याच्या डोळ्याला चूक दिसतही नाही. उपाय मिनिटाभराचा आहे: पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूत ‘ॲडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडायचा आणि मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरीसारखा युनिकोड फाँट घ्यायचा. 

‘जे साजरे करतात त्या सर्व कुटुंबांना’ ही ओळ मात्र सरळसरळ यंत्राने भाषांतर केलेली आहे. मराठीत असं कुणी म्हणत नाही. त्यावर रागावण्यापेक्षा मंडळाने चार ओळींचा तपासलेला मजकूर आधीच द्यावा, साधा टेक्स्ट आणि सोबत पीडीएफ. पीडीएफ हवीच, म्हणजे छापण्याआधी त्यांना अक्षरं नजरेने जुळवून बघता येतील.

प्रेषक: एक पालक-सभासद

तारीख आणि फाँट सोडून देऊ. माझा अविश्वास तिथून आलेला नाही. डिस्ट्रिक्टचा कारभार पाहणाऱ्या स्कूल बोर्डाची निवडणूक 4 नोव्हेंबरला होती आणि पत्र त्याच्या दोन आठवडे आधी आलं. त्यात रेफरेंडमचा मजकूर. एरवी गणपती, पाडवा यांचा उल्लेखही नसतो. आपल्या घरांची संख्या मोठी आहे म्हणून हे गोड बोलणं चाललं आहे, असं वाटणाऱ्यांना चुकीचं कसं ठरवणार? त्या दिवशी गैरहजर राहिलेल्या मुलांच्या नावापुढे कारणाविना गैरहजेरी लागली आहे, हे पोर्टलवर दिसतंय. निषेधाचंच पत्र गेलं पाहिजे.

प्रेषक: शाळाप्रश्न गट

ताई, तुमच्या मेलमध्ये तीन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. त्या सुट्या केल्या तर प्रत्येकीचं काहीतरी करता येईल.

आधी निवडणूक. सुपरिंटेंडंट निवडून येत नाही, त्याला बोर्ड नेमतं. 4 नोव्हेंबरला उभे होते ते बोर्डाचे उमेदवार. त्यामुळे पत्र कुठून आलं हे बघायचं. ते डिस्ट्रिक्टच्या नेहमीच्या पालक-मेल यंत्रणेतून सुपरिंटेंडंटच्या सहीने आलं, त्यात उमेदवाराचं नाव नाही. उमेदवाराच्या शुभेच्छा असत्या तर खाली खर्च कुणी केला ती ओळ लागली असती. डिस्ट्रिक्टच्या यादीतून प्रचार झाला असता, तर शाळांच्या कारभाऱ्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या राज्याच्या स्कूल एथिक्स कमिशनकडे 180 दिवसांच्या आत तक्रार करता आली असती. इथे तसं काही दिसत नाही आणि तसा आरोप पत्रात घालू नये. एक आरोप खोटा ठरला की बाकीचे खरे मुद्देही त्याच्याबरोबर जातात.

रेफरेंडमबाबत न्यू जर्सीत कायदा स्पष्ट आहे. पार्सिपनी-ट्रॉय हिल्सच्या खटल्यात 1953 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. तो लिहिला होता विल्यम ब्रेनन यांनी, जे पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. बोर्ड सार्वजनिक पैशातून मतदारांना माहिती देऊ शकतं, पण ‘हो म्हणून मत द्या’ असं आवाहन करू शकत नाही. डिस्ट्रिक्टच्या शुभेच्छापत्राच्या तळाशी रक्कम, करावर होणारा परिणाम आणि मतदानाचा दिवस एवढंच आहे. हे चालतं. पण सणाच्या शुभेच्छा आणि कर्जरोख्यांची माहिती एकाच कागदावर आली की वाचणाऱ्याला शुभेच्छा हे निमित्त वाटणारच. ‘दोन्ही वेगळी पाठवा’ एवढीच मागणी करावी, कारण ती रास्त आहे आणि त्यांना मान्य करायला सोपी आहे.

आता हजेरी. खरं नुकसान इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

राज्य शिक्षण मंडळ दर वर्षी धार्मिक सणांची यादी मंजूर करतं, दिवाळी त्यात आहे. त्या ठरावानुसार अशा दिवशी मूल गैरहजर राहिलं तर हजेरीपटात ती माफ गैरहजेरी म्हणूनच नोंदवावी लागते. ती गुणपत्रिकेच्या उताऱ्यावर येत नाही, तिच्यामुळे कुठलंही पारितोषिक किंवा स्पर्धेतली संधी जात नाही, आणि त्या दिवशी परीक्षा बुडाली तर दुसरी परीक्षा देण्याचा मुलाला हक्क आहे. अट एकच: पालकाच्या सहीची लेखी चिठ्ठी.

गाडी या चिठ्ठीवर अडते. अनेक घरांतून नुसता फोन जातो. काही जण ‘फॅमिली फंक्शन’ लिहितात, काही ‘बरं नाही’ म्हणून कळवतात. कौटुंबिक कारण हे धार्मिक सणाचं कारण धरलं जात नाही, त्यामुळे ती गैरहजेरी साध्या गैरहजेरीत मोजली जाते आणि मुलाच्या वर्षाच्या हिशेबात जाते. 180 दिवसांच्या वर्षात 10 टक्के, म्हणजे 18 दिवस भरले की मूल ‘क्रॉनिकली ॲबसेंट’, म्हणजे सतत गैरहजर राहणारं, ठरतं. धार्मिक सणाची माफ गैरहजेरी या हिशेबात धरत नाहीत. चिठ्ठीत मुलाचं नाव, इयत्ता, तारीख, ‘रिलिजस हॉलिडे’ हे शब्द, सणाचं नाव राज्याच्या यादीत जसं छापलंय त्याच स्पेलिंगने, आणि सही. यापेक्षा जास्त काही लिहू नये. ज्यांनी 20 ऑक्टोबरची चिठ्ठी दिलेली नाही त्यांनी हँडबुकातली मुदत पाहून आता द्यावी आणि नोंद दुरुस्त करून मागावी. ज्यांनी दिली आहे आणि तरी चुकीची नोंद दिसते आहे, त्यांनी चिठ्ठीची प्रत जोडून मुख्याध्यापकांना लिहावं. ही दुसरी घरं किती, ते आम्हाला कळवा. तो आकडा पत्रात घालण्यासारखा आहे.

एखादा सण राज्याच्या यादीत नसेल, तर स्थानिक बोर्डाला तो आपल्या शाळांपुरता यादीत घालता येतो. हे बऱ्याच बोर्ड सदस्यांनाही माहीत नसतं. यासाठी सुट्टी द्यावी लागत नाही आणि जूनमध्ये एक दिवस वाढवावा लागत नाही. एक ठराव पुरतो.

प्रेषक: एक पालक-सभासद

हे पटलं. निवडणुकीचा मुद्दा मी मागे घेते. पण सुट्टीचं काय? न्यूयॉर्क शहरात 2023 साली कायदा होऊन सुट्टी मिळाली. आपल्या बोर्डाला आम्ही किती मुलं गैरहजर होती ते विचारलं, तर उत्तर आलं की अशी माहिती देता येत नाही.

प्रेषक: शाळाप्रश्न गट

न्यूयॉर्कला राज्याने कायदा केला. पेनसिल्व्हेनियातही 2024 साली दिवाळीला राज्याची मान्यता मिळाली, पण शाळा बंद ठेवणं त्यात बंधनकारक नाही. आपल्याकडे निर्णय बोर्डाचा, आणि बोर्डाला तो ‘शाळा चालवणं अवघड झालं’ या कारणावर घेणं सोपं जातं. म्हणून आकडे लागतात.

उत्तर नाकारलं गेलं ते प्रश्नाच्या रूपामुळे. ओप्रा, म्हणजे ओपन पब्लिक रेकॉर्ड्स ॲक्ट, कागद मागण्यासाठी आहे, प्रश्न विचारण्यासाठी नाही. ‘किती मुलं गैरहजर होती?’ याचं उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. ‘20 ऑक्टोबर 2025 चा प्रत्येक इमारतीचा दैनिक हजेरी सारांश आणि त्या दिवशी लावलेल्या बदली शिक्षकांची यादी, नावं वगळून’ असं मागा. तुलनेसाठी 6 आणि 27 ऑक्टोबर हे सोमवार घ्या. 13 चा सोमवार कोलंबस डेचा, तो घेऊ नका. उत्तराला कामाचे सात दिवस, इलेक्ट्रॉनिक प्रत मागितली की सहसा पैसे पडत नाहीत. शुभेच्छापत्राच्या आधीचे मेल मागायचे असतील, तर 2024 च्या दुरुस्तीनंतर व्यक्तीचं पद, नेमका विषय आणि ठरावीक कालावधी तिन्ही द्यावी लागतात. यातलं एक राहिलं तरी अर्ज परत येतो.

एक गोष्ट नीट तोलावी. 2026 ची दिवाळी रविवारी आहे, तेव्हा पुढच्या वर्षी त्या सुट्टीसाठी जोर लावण्यात अर्थ नाही. गणेश चतुर्थी मात्र सोमवारी, 14 सप्टेंबरला आहे. त्या दिवशी नवी परीक्षा ठेवू नये, एवढं वेळापत्रकात छापून घ्यावं. त्याचा उपयोग शुभेच्छांपेक्षा जास्त मुलांना होईल.

प्रेषक: कार्यवाह

सर्वांचे आभार. पत्राचा मसुदा असा: शुभेच्छांबद्दल एक ओळ आभार. मग तीन विनंत्या: सणाचं पत्र आणि रेफरेंडमची माहिती वेगवेगळी पाठवावी, चिठ्ठी दिलेल्या मुलांच्या 20 ऑक्टोबरच्या नोंदी दुरुस्त कराव्यात, 2026-27 च्या वेळापत्रकात 14 सप्टेंबर हा परीक्षा नसलेला दिवस म्हणून यावा. सोबत पंचांग उपसमितीकडून तीन वर्षांच्या तारखा आणि संपादनाकडून तपासलेला मराठी मजकूर. निषेध हा शब्द नाही, कुठलाही आरोप नाही.

पत्र सुपरिंटेंडंटना आणि प्रत बोर्ड सेक्रेटरींना जाईल, म्हणजे ते बोर्डाच्या पत्रव्यवहारात नोंदलं जाईल. ओप्राचा अर्ज स्वतंत्र जाईल, पत्राला जोडून नाही. पुढच्या बोर्ड सभेत नागरिकांच्या वेळेत दोघांनी बोलावं: एकाने फक्त हजेरीवर, दुसऱ्याने फक्त वेळापत्रकावर. वेळमर्यादा बोर्डाच्या नियमात पाहून ठेवा आणि बोलणं लिहून आणा.

चुकीची नोंद दिसणाऱ्या घरांनी रविवारपर्यंत शाळाप्रश्न गटाला कळवावं. मुलांची नावं लिस्टवर टाकू नका, फक्त शाळा आणि इयत्ता.