मदत हवी आहे : ॲक्विटेनच्या एलेनॉरची नाती तक्त्यात कशी मांडावीत?

नमस्कार मंडळी,

बाराव्या शतकातल्या एलेनॉरची (ॲक्विटेनची वारसदार, आधी फ्रान्सची आणि मग इंग्लंडची राणी) वंशावळ मांडायला घेतली आहे. दोन ठिकाणी अडलंय, जाणकारांनी कृपया मदत करा.

११३७ मध्ये बोर्दोला तिचं लग्न सातव्या लुईशी झालं. मार्च ११५२ मध्ये बोजांसीच्या धर्मसभेने ते रद्द केलं, कारण जवळचा रक्तसंबंध. दोघंही राजा दुसरा रॉबेर याचे वंशज : लुई चौथ्या पिढीतला, एलेनॉर पाचव्या. पण दोनच महिन्यांत तिने पॉइतिएला आंजूच्या हेन्रीशी लग्न केलं, आणि हा हेन्री तर लुईपेक्षाही जवळच्या नात्यातला! आंजूच्या एर्मांगार्दची दोन लग्नं झाली होती. पहिल्या नवऱ्याकडून चौथ्या पिढीत हेन्री येतो, दुसऱ्याकडून चौथ्याच पिढीत एलेनॉर. तेव्हा चर्चची मनाई सातव्या पिढीपर्यंत होती, १२१५ मध्ये ती चारवर आली. म्हणजे हेही लग्न नियमात बसत नव्हतं. मला वाटतं, लुईच्या बाबतीत रक्तसंबंध ही सोयीची सबब होती. पंधरा वर्षांत दोन मुलीच झाल्या, गादीला मुलगा नव्हता, हे खरं दुखणं. माझा प्रश्न असा : हेन्रीशी झालेल्या लग्नावर चर्चकडे कुणी रीतसर हरकत घेतली होती का? की लुईचा आक्षेप फक्त 'माझ्या मांडलिकांनी मला न विचारता लग्न केलं' एवढाच होता?

दुसरी अडचण मांडणीची. लुई आणि एलेनॉरच्या मुली, मारी आणि आलिक्स, शांपेनचा काउंट हेन्री आणि ब्लुआचा काउंट थिबो या सख्ख्या भावांना दिल्या. लुईने तिसरं लग्न केलं ते याच भावांच्या बहिणीशी, आदेलशी. म्हणजे लुईचे जावई तेच मेहुणे, आणि मुलींची सावत्र आई हीच नणंद! शिवाय लुईच्या दुसऱ्या बायकोची मुलगी मार्गरीत ११६० मध्ये एलेनॉरच्या मुलाला, धाकट्या हेन्रीला दिली. दोघंही तेव्हा अगदी लहान. त्यामुळे एकेकाळचे नवरा-बायको विहीण-व्याही झाले, आणि मारीचा सावत्र भाऊ तिच्याच सावत्र बहिणीचा नवरा.

आदेलला दोन जागी दाखवू, की एकदाच लिहून तिरप्या रेषांनी जोडू? रेषा एकमेकींवरून जायला लागल्या की काहीच कळेनासं होतं. सावत्र नात्यांसाठी तुटक रेषा वापरल्या तर चालतील का? कुणी असा तक्ता केला असेल तर फोटो टाका, प्लीज.