शेंगदाण्यात कार्ब नक्की किती? 7, 16 की 17?

गिरणीवाला
नमस्कार मंडळी. मंगळवार पेठेत माझी पिठाची गिरणी आहे. वय 51, वजन 94. दिवसभर लोकांची ज्वारी दळून देणारा माणूस कीटो, म्हणजे कार्ब जवळजवळ बंद करायचा आहार, करायला निघालाय. घरात सगळे हसून झालेत, तुम्हीही हसून घ्या.

पुतण्या ज्या जिमला जातो तिथल्या ट्रेनरनं एक झेरॉक्स दिली. दिवसाला 20 ग्रॅमच्या आत कार्ब, म्हणजे पिष्ट आणि साखर. भात, भाकरी, गूळ, बटाटा बंद. अंडी, मटण, पनीर, शेंगदाणे पाहिजे तेवढे. मटण पाहिजे तेवढं म्हटल्यावर मी पुढचं काही वाचलंच नाही. सोमवारपासून सुरू केलं.

पण धंद्याची सवय जात नाही, काट्यावर ठेवल्याशिवाय मला पटत नाही. झेरॉक्समध्ये 100 ग्रॅम शेंगदाण्याला कार्ब 7 लिहिलंय. मोबाईलमधलं ॲप 16 म्हणतंय. मुलीनं हैदराबादच्या पोषण संस्थेची पीडीएफ काढून दिली, त्यात 17.27. दाणा एकच, आकडे तीन. सात आणि सतरा यात माझा अर्ध्या दिवसाचा कोटा गेला की!

त्याच पीडीएफमध्ये ज्वारीची एनर्जी 1398 आहे. 100 ग्रॅमला 1398 कॅलरी? मग आमचे आजोबा रोज चार भाकऱ्या खाऊन काडीसारखे कसे राहिले? तिथंच माझा त्या पीडीएफवरचा विश्वास उडाला.

आणखी एक. 60 ग्रॅम पीठ मोजून बायकोला भाकरी थापायला लावली. तव्यावरनं उतरली तेव्हा 88 ग्रॅम भरली. आकडा 60 ला लावायचा की 88 ला?

यूट्यूबवर एकजण तूप प्या म्हणतो, दुसरा तुपानं हार्ट जाईल म्हणतो, आणि दोघंही डॉक्टरचा कोट घालून. विश्वास कुणावर ठेवायचा तेवढं सांगा. शुगरच्या दोन गोळ्या चालू आहेत, बीपी नाही.

रंकाळ्याचा_वारा
भावा, दोन वर्षांपूर्वी मी केलंय. सहा किलो उतरलं, गणपतीत चार किलो परत आलं. दिवसभर एकेक काकडी मोजायचो आणि रात्री गंगावेशीत कट्ट्यावर उभा राहून म्हशीचं ताजं दूध प्यायचो. दुधात कुठले आलेत कार्ब, अशी समजूत. दुधातली साखर 100 मिलीला 5 ग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे मोठा ग्लास 12 ला पडला. पांढऱ्या रश्श्याचंही तेच. खोबऱ्याचं दूध ठीक, तीळ ठीक, पण आमच्याकडं त्यात काजू वाटून ढकलतात. वाटी वाटी करत माणूस पाच वाट्या रस्सा पितो, ते वेगळंच.

निवृत्त_बाई
गिरणीवाले दादा, अठ्ठावीस वर्षं कॉलेजात पोषण शिकवलं. मुलींना काट्यापाशी उभं करता करता घाम फुटायचा. तुम्ही आपणहून काटा काढलात, त्यामुळं तुमच्यासाठी सविस्तर लिहिते.

आधी ज्वारी. त्या तक्त्यात एनर्जी किलोज्यूलमध्ये दिली आहे, कॅलरीत नाही. 4.184 नं भागा. 1398 चे 334 होतात. आजोबांवरचा आळ काढून टाका.

आता कार्ब. तुमची पीडीएफ म्हणजे राष्ट्रीय पोषण संस्थेचे 2017 चे तक्ते. 528 खाद्यपदार्थ आहेत त्यात. ज्वारीची ओळ काढा आणि बेरीज करा. पाणी 9.01, प्रथिनं 9.97, राख म्हणजे खनिजं 1.39, चरबी 1.73, फायबर म्हणजे न पचणारा चोथा 10.22, कार्ब 67.68. बरोबर 100 येतात. म्हणजे चोथा वेगळा मोजलाय, तो कार्बमध्ये धरलेलाच नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात कार्बमध्ये चोथा धरलेला असतो. तिथल्या कच्च्या शेंगदाण्याचे 16 कार्ब, त्यातला साडेआठ चोथा वजा केला की साडेसात उरतात. तुमचं ॲप बहुतेक तिथलाच आकडा दाखवतंय.

मग झेरॉक्समधले 7 कुठून आले? आपल्या तक्त्यात दाण्याला कार्ब 17.27, चोथा 10.38. वजाबाकी 6.89. माझा संशय असा की ज्यानं तो कागद पहिल्यांदा छापला त्यानं यूट्यूबवर ‘फायबर वजा करा’ ऐकलं आणि आधीच वजा झालेल्या आकड्यातून पुन्हा वजा केलं. ट्रेनर बिचारा झेरॉक्सची झेरॉक्स वाटतोय.

तरी आपल्याकडं 17 आणि तिकडं साडेसात, एवढी तफावत कशी, असं तुम्ही विचारणारच. तुम्ही गिरणीत घट कशी काढता? धान्याच्या वजनातून पिठाचं वजन वजा. घट कुणी काट्यावर ठेवत नाही. या तक्त्यांतले कार्ब तसेच असतात. बाकी सगळं मोजायचं आणि शंभरातून उरेल त्याला कार्ब म्हणायचं. अमेरिकेच्या दाण्यात चरबी 49 भरली, आपल्या नमुन्यात 39.63. जवळजवळ तेवढाच फरक उरलेल्यात येऊन बसला. वाण, जमीन, तपासायची पद्धत, सगळ्याचा हिशेब त्या एका घटीवर पडतो. म्हणून दशांश चिन्हापुढच्या आकड्यासाठी भांडू नका. मात्र घरी दळलेलं, शिजवलेलं खाताना आपला तक्ता धरा आणि एकच धरा. दोन तक्ते मिसळले की हिशेब बिघडलाच.

भाकरीला 60 चा आकडा. पाण्याला कार्ब नसतात आणि तक्ता कोरड्या धान्याचा आहे. 60 ग्रॅम पिठाचे 41 ग्रॅम कार्ब झाले. 88 ला लावलात तर साठाच्या घरात जाल, आणि ते खोटं असेल.

माणसांबद्दल थोडक्यात. नावामागं ‘न्यूट्रिशनिस्ट’ कुणीही लावतं. ‘आर.डी.’ म्हणजे रजिस्टर्ड डायटिशियन आहे का ते विचारा, त्याला परीक्षा द्यावी लागते. हा कीटो आहार 1921 मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या डॉ. वाइल्डर यांनी फिट्स येणाऱ्या रुग्णांसाठी सुचवला होता. तो दवाखान्याच्या देखरेखीत, वजन करून द्यायचा प्रकार होता. ‘शेंगदाणे पाहिजे तेवढे’ हे पुढं जिममध्ये आलं. आपल्या तक्त्यानं 60 ग्रॅम दाणे खाल्ले की दहा ग्रॅम कार्ब झाले.

मेडिकलवाला_सांगली
बाईंनी मस्त सांगितलं, पण ते सगळं दोन मिनिटं बाजूला ठेवा. काका, शुगरच्या त्या दोन गोळ्या कुठल्या? पाकिटावरचं ब्रँडचं नाव नको, खाली बारीक अक्षरात असतं ते वाचून लिहा.

गिरणीवाला
चष्मा लावून वाचलं. एक मेटफॉर्मिन 500. दुसरी डॅपाग्लिफ्लोझिन 10. का हो?

मेडिकलवाला_सांगली
दुसरी गोळी लघवीवाटे साखर बाहेर टाकते. त्यात तुम्ही कार्ब जवळजवळ बंद केले, तर शरीर चरबी जाळतं तेव्हा तयार होणारे आम्लधर्मी किटोन रक्तात धोक्याच्या पातळीपर्यंत चढू शकतात. वाईट म्हणजे मशीनवर शुगर फार वाढलेली दिसत नाही, त्यामुळं माणूस निवांत राहतो. अमेरिकेच्या औषध खात्यानं या जातीच्या गोळ्यांबद्दल 2015 मध्येच इशारा दिला होता. मळमळ, उलटी, पोटात दुखणं, धाप, यातलं काही होतंय का? होत असेल तर शुगर कितीही दिसू दे, आत्ता दवाखाना गाठा. होत नसेल तरी कीटो आज थांबवा, नेहमीचं जेवा आणि डॉक्टरांना फोन करा. गोळी मात्र स्वतःच्या मनानं बंद करू नका.

निवृत्त_बाई
हे मी आधी विचारायला हवं होतं. आकड्यांत रमले. दादा, फोन केलात का?

गिरणीवाला
तीन दिवसांनी लिहितोय. त्याच रात्री फोन केला. आदल्या दिवसापासून जरा मळमळत होतं, मला वाटलं मटण जास्त झालं. डॉक्टरांनी लगेच बोलावलं, रक्त तपासलं, किटोन थोडे वाढलेले निघाले. ॲडमिट करायची वेळ आली नाही. पण बोलणी भरपूर खाल्ली. ही गोळी चालू असेपर्यंत कीटोचं नाव काढायचं नाही म्हणाले. रात्री दोनच्या ऐवजी एक भाकरी, भात फक्त रविवारी, गूळ बंद, आणि पुढच्या आठवड्यात आर.डी. असलेल्या मॅडमची वेळ घेऊन दिलीय.

झेरॉक्सवर 7 खोडून पेनानं 17 लिहिलं आणि पुतण्याकडनं परत पाठवली. ट्रेनर म्हणाला, काका, सगळे हीच वापरतात.

बाई, ज्वारीची बेरीज स्वतः करून बघितली, बरोबर 100 आली. मग बाजरी, नाचणी, हरभरा असं करत अकरा वाजेपर्यंत बसलो. आता गिऱ्हाईक दळणाची पिशवी टेकवायच्या आत मी त्याला त्याच्या धान्याचे कार्ब सांगतो. काटा अजून स्वयंपाकघरातच आहे. बायको म्हणते, ओट्यावर रोज पीठ सांडतंय, तो गिरणीत नेऊन ठेवा.