दोन साभार परत, तीन बेपत्ता, आणि आता ४५ हजार भरून पुस्तक काढू का?

खांबावरचा:

नमस्कार मंडळी. मी सिन्नर तालुक्यात वायरमन आहे. वय ३९, नोकरीला चौदा वर्षं झाली. शेतीची लाईन रात्रीची असली की फोन थांबत नाही. ‘डेपी उडाली’ (डेपी म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर), ‘एक फेज गेला’, ‘तार लोंबतीय, पोरं जातात तिथून’. दोन फोनांच्या मधे जो वेळ मिळतो त्यात मी वहीत लिहितो. बारा कथा झाल्या आहेत.

तीन वर्षांत पाच दिवाळी अंकांना पाठवून पाहिलं. दोघांनी ‘साभार परत’ कळवलं, तिघांकडून पोचसुद्धा नाही. मग गेल्या महिन्यात एका प्रकाशकांचा फोन आला. नंबर कुठून मिळाला देव जाणे. ‘तुमच्या लेखणीत दम आहे’ म्हणाले. कोणती कथा वाचली विचारलं तर विषय बदलला. ४५,००० भरायचे, ते ३०० प्रती छापणार, त्यातल्या २०० माझ्या घरी येणार. आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, ३ हजार वेगळे. बायको म्हणाली, दोनशे पुस्तकं ठेवणार कुठं, कांद्याच्या चाळीत? तिचंही काही चुकत नाही. पण मला असं वाटतं की एकदा पुस्तक हातात आलं तर लोक लेखक म्हणून बघतील तरी.

दुसरा प्रश्न भाषेचा. आमच्या शाळेतल्या सरांना वही दाखवली होती. ते म्हणाले, साहित्याची भाषा शुद्ध पाहिजे. म्हणून मी सगळीकडे ‘डेपी’ खोडून ‘विद्युत रोहित्र’ केलं. एका कथेची सुरुवात देतो, काय चुकतंय सांगा:

“रजनीने आपला काळाभोर पदर धरतीवर अंथरला होता. नभात तारका लुकलुकत होत्या. रामभाऊ विद्युत रोहित्राकडे पाहत विचारमग्न उभा होता. त्याच्या मनात विचारांचे काहूर माजले होते.”

पुढे सातव्या पानावर रामभाऊ परमिट घेऊन चढतो आणि बंद लाईनवर त्याला झटका बसतो, कारण मंगल कार्यालयाचा जनरेटर उलटा लाईनवर आलेला असतो. आम्ही त्याला रिटर्न सप्लाय म्हणतो. हा भाग चार ओळींत उरकलाय. बाहेरच्या माणसाला त्यातलं काय कळणार?

माळ्यावरच्या_प्रती:

भरू नका. मी २०१९ ला ३८ हजार भरले होते. भाचीच्या लग्नात आहेर म्हणून वाटली, सोसायटीच्या गणपतीत बक्षीस म्हणून दिली, तरी माळ्यावर अजून दीडशेच्या वर आहेत. लेखक म्हणून कुणी बघत नाही. मला पाहिलं की लोक घाईत असतात, परत एखादी प्रत हातात पडेल म्हणून.

जुनी_प्रूफवाली:

अहो खांबावरचे, ती रजनी तुमच्या सबस्टेशनात कामाला आहे का? नसेल तर तिला घरी पाठवा.

रागावू नका. मी कोल्हापुरात छापखान्यात सव्वीस वर्षं प्रुफं वाचली. शेवटची नऊ वर्षं एका दिवाळी अंकाकडे येणाऱ्या कथांची पहिली चाळणी माझ्याकडे होती. मोसमात साडेतीनशे-चारशे कथा यायच्या आणि जागा असायची दहांना. रजनीचा पदर, निशेची चादर, चांदण्यांचा सडा हे मी इतक्यांदा वाचलंय की एकदा ‘पदर’चा ‘पडर’ छापला गेला आणि मला दिसलाच नाही. डोळे त्या ओळीवर थांबायचेच बंद झाले होते. संपादकांचं तसंच होतं. तुमची कथा त्यांना आवडली नाही असं नाही, ते सातव्या पानापर्यंत पोचलेच नाहीत.

आणि खरी गोष्ट तिथं बसली आहे. बंद लाईनवर माणसाला झटका बसतो! मी आयुष्यभर दिव्याखाली बसून काम केलं, पण वीज उलटी येऊ शकते हे मला आज तुमच्याकडून कळलं. ते तुम्ही चार ओळींत उरकता आणि तारका लुकलुकायला अख्खी ओळ देता?

मला सांगा, परमिट म्हणजे काय? कोण देतं, तोंडी की लिहून? लाईन बंद आहे हे हात लावायच्या आधी कळतं कसं? जनरेटर तर लहानसा असतो, त्याने माणूस मरतो कसा? उत्तरं मला सांगितल्यासारखी लिहा, पण रामभाऊच्या हातून घडताना. वाचकाला शब्द कळला नाही तरी चालतं, माणूस काय करतोय ते दिसलं पाहिजे. माझ्या आजोबांच्या तोंडी मोटेचे शब्द असत, नाडा, सोंदूर, थारोळं. निम्मे मला आजही सांगता येणार नाहीत, पण मोट दिसायची.

भाषेचं म्हणाल तर तुमच्या सरांना माझा नमस्कार सांगा आणि डेपी परत आणा. रोहित्र हा शब्द कंपनीच्या पत्रात राहतो. अंधारात खांबाखाली उभा असलेला माणूस तो उच्चारत नाही. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत, अशी पुष्कळ जण वाटणी करतात. ती सोय आहे, नियम नव्हे. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी मुलाने आणि नात्यातल्या माणसांनी उतरवून घेतली आणि त्या गेल्यावर १९५२ साली पुस्तक आलं. उतरवताना कुणी सगळं ‘शुद्ध’ करून ठेवलं असतं तर आज काय उरलं असतं?

मात्र बोली लिहायची तर नेटाने लिहा. एकदा ‘व्हतं’ लिहिलंत की त्या माणसाच्या तोंडी शेवटपर्यंत ‘व्हतं’. मधेच ‘होतं’ आलं की माझ्यासारखी बाई वरचं ‘व्हतं’ चूक समजून सुधारून टाकते. मी हे पाप केलेलं आहे. पाठवताना वर एक ओळ घाला: संवादातली बोली मुद्दाम आहे, दुरुस्त करू नये.

अजून एक विचारायचंय, कथा पाठवल्या कोणत्या महिन्यात? ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून नवीन माणसाला मराठीत हे दार आहे, पण ते दिवाळीच्या तोंडावर उघडत नाही. आमच्याकडे जूनअखेर मजकूर ठरलेला असे. ऑगस्टात मी दुसरं प्रूफ वाचत असायची. नंतर आलेली पाकिटं कपाटावर. वहीच्या पानांचे फोटोही पाठवू नका, युनिकोडमध्ये टाइप करा, शेवटी शब्दसंख्या आणि फोन नंबर. सोबतचं पत्र तीन ओळींचं. ‘आपल्या सुप्रसिद्ध अंकात माझ्या अल्पमतीला स्थान’ वगैरे लिहिलंत तर माझ्याशी गाठ आहे.

करार_आधी_वाचा:

मी वकील नाही, कवितांच्या पुस्तकात पोळलेला माणूस आहे. त्या ३ हजारांबद्दल आधी सांगतो: आयएसबीएन भारतात फुकट मिळतो. राजा राममोहन राय यांच्या नावाची सरकारी एजन्सी तो देते, लेखक स्वतःही अर्ज करू शकतो. फुकटच्या गोष्टीचे जो ३ हजार सांगतो, त्याचे बाकीचे आकडेही दोनदा बघा.

सही करायला कागद आला तर ‘सर्व हक्क प्रकाशकाकडे’ अशी ओळ शोधा. मी ती वाचली नव्हती. कॉपीराइट कथा लिहिली की आपोआप तुमचा होतो, नोंदणी लागत नाही, आणि तुम्ही सही करून लेखी दिल्याशिवाय तो दुसऱ्याकडे जात नाही. १९५७ च्या कायद्यातलं कलम १९ बघा: करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून हुशार लोक ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ असं आधीच छापून ठेवतात. ते शब्द पेनाने खोडता येतात. खोडल्यावर समोरचा किती चिडतो त्यावरून बरंच कळतं.

पुस्तकच काढायचं असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, पहिल्या पुस्तकासाठीच. हस्तलिखित मागवल्याची जाहिरात येते, तिच्यावर लक्ष ठेवा. वेळ लागतो, पण वहिनींची कांद्याची चाळ मोकळी राहते.

खांबावरचा:

सगळ्यांचे आभार. प्रकाशकांना नाही म्हणून कळवलं, तर लगेच ३२ हजारांवर आले.

काकू, कथा मी गणपतीत पाठवायचो. दरवर्षी. त्या वेळी जरा फोन कमी असतात म्हणून.

तुमच्या प्रश्नांचं उत्तर देतो. जनरेटर लहान असला तरी त्याचा करंट डेपीतून उलटा वर चढला की पलीकडे अकरा हजार व्होल्ट होतात. म्हणून चढायच्या आधी डिस्चार्ज रॉड, म्हणजे करंट जमिनीत उतरवणारा दांडा, तारेला लावायचा असतो. काल रात्री ड्युटीवर सुरुवात परत लिहिली:

“साडेनऊला ऑपरेटरनं परमिट दिलं. रामभाऊनं नंबर वहीत लिहिला, पुढं वेळ लिहिली. डेपीचा स्विच खाली ओढला आणि वर टॉर्च मारून उघडी पाती मोजली. एक, दोन, तीन. रॉड गाडीला बांधलेला होता आणि गाडी ओढ्याच्या पलीकडं. पाच मिनटाचं काम, फ्यूजची तार तेवढी घालायची. सगळ्या गावात अंधार होता. हळदीचा डीजे मात्र जोरात चालला होता. डीजेला लाईट कुठून आली, हे रामभाऊच्या ध्यानातच आलं नाही.”

जुनी_प्रूफवाली:

शेवटचं वाक्य काढा. गावात अंधार आणि डीजे चालू, तिथंच थांबा. माझ्या अंगावर काटा तिथंच आला, नंतरच्या ओळीने तो खाली बसवला. ‘मिनटाचं’ मुद्दाम असेल तर पुढेही तसंच ठेवा. पाती मोजलीत ते फार छान, ती कसली हे मला कळलं नाही आणि कळायची गरजही पडली नाही. कंसात समजावून सांगू नका.

आणि पुढचं एक अक्षरही इथे टाकू नका. बरेच अंक अप्रकाशितच मागतात, आणि इथे टाकलेलं प्रकाशित धरलं तर तुम्हाला भांडता यायचं नाही. हीसुद्धा सुरुवात आजच्या आज खोडा. गणपतीची वाट बघू नका, मे महिन्यात पाठवा.