मुख्याध्यापक की कंपाउंडर?

तापीकाठचा मास्तर: काल इथं एकानं लिहिलं, "हेडमास्तरनं शिकवावं, गोळ्या वाटणं कंपाउंडरचं काम." वाचून डोकं फिरलं. धडगावकडे सात वर्षं काढली. कोऱ्या चहावर आलेली पोरं अकरा वाजता बाकावर माना टाकायची, आम्ही आळशी म्हणायचो; खरं तर अंगात रक्त कमी. त्यावर लोहाची निळी गोळी आठवड्यातून एकदा. आमच्याकडे ती प्रार्थनेनंतर, उपाशीपोटी. पोरं ओकायची, आया भांडायला यायच्या. नव्या हेडमास्तरांनी एवढंच केलं : सोमवार ठरवला, गोळी खिचडीनंतर, आणि पहिली स्वतः सगळ्यांदेखत गिळली. ओकणं जवळपास थांबलं.

खडूफळा: काय बोली राह्यना भो! तांदळाचा हिशेब, यू-डायसवर शाळेची माहिती भरणं, निवडणूक, वर जंताची गोळी चावली का तेही बघा. फळ्याकडे कधी जायचं?

केळीबाग, रावेर: गोळ्या ठेवा बाजूला, संडासाच्या कुलपाचं बोला. माझी मुलगी आठवीत. घरी आली की दप्तर फेकून आधी संडासाकडे पळते. चावी हेडमास्तरांच्या ड्रॉवरमध्ये, कारण "मुली घाण करतात". मग मुली पाणीच पीत नाहीत. आपल्याकडचा एप्रिल, डोकं दुखणार नाही तर काय?

खडूफळा: कुलूप मीही लावलंय! रात्री गावातली टवाळ पोरं आत बाटल्या फोडतात. नळाला पाणी नाही, सफाईला माणूस नाही. येता का झाडू घेऊन?

केळीबाग, रावेर: येते. चावी द्या.

खडूफळा: घरी बसून बोलणं सोपं असतं, ताई.

केळीबाग, रावेर: घरी? पहाटे चारला केळीच्या घडांवर असते मी!

तळोद्याचा मामा: भांडा तुम्ही. सिकलसेल हा रक्ताचा आजार; तो असलेल्या पोराला पाणी कमी पडलं की हाडं-सांधे असे ठणकतात की पोर लोळतं. माझा भाचा सहावीत. "नाटकं करतो" म्हणून खेळाच्या तासाला उन्हात उभा केला. तीन दिवस दवाखान्यात. त्याचं तपासणीचं कार्ड शाळेच्याच कपाटात होतं. वर्गशिक्षकाला पत्ता नाही.

तापीकाठचा मास्तर: हेच सांगतोय! तपासणीचं पथक शाळेत वर्षातून एकदा येतं. बाकीचे दिवस कपाट उघडणार कोण?

खडूफळा: बरं बाबा, कार्डाचं पटलं. सोमवारी यादी काढून वर्गावर देतो. गोळी मात्र तुम्हीच येऊन गिळा, साहेब.

केळीबाग, रावेर: आणि चावी?

खडूफळा: शिपायाकडे देतो. शिपायाची जागा भरली की.