सत्तरीचं जोडपं आणि पंधरा दिवसांचा मुक्काम: हॉटेल नको, फ्लॅटच घ्या

केळीबाग (जळगाव):

गेल्या जानेवारीत आम्ही दोघं १४ दिवस दक्षिण गोव्यात राहून आलो. मी ६८ वर्षांची, हे ७३. यांना २२ वर्षांपासून मधुमेह आहे, दोन वेळा इन्सुलिन घ्यावं लागतं. आजवर जिथे गेलो तिथे हॉटेलात नाहीतर भक्तनिवासात उतरलो. या खेपेला पहिल्यांदाच मडगावजवळ स्वयंपाकघर असलेला एका बेडरूमचा फ्लॅट घेतला. आल्यापासून भेटेल त्याला सांगतेय: आपल्या वयाच्या माणसांना आठवड्याच्या वर कुठे राहायचं असेल, तर हॉटेलच्या भानगडीत पडू नका.

कारण सांगते. यांना पहाटे साडेचारला जाग येते. हॉटेलात चहा मिळतो सातला. तोवर खोलीत अंधारात येरझारा, कारण दिवा लावला तर माझी झोप मोडते. उज्जैनला अशाच अंधारात पलंगाच्या पायाला ठेच लागून यांच्या अंगठ्याचं नख उखडलं. मधुमेही माणसाच्या पायाची जखम म्हणजे काय ते ज्यांच्या घरात आहे त्यांनाच कळेल. भरायला दोन महिने लागले. फ्लॅटमध्ये हे उठायचे, मधलं दार लोटून घ्यायचे, पातेल्यात चहा टाकायचे आणि कप घेऊन बाल्कनीत बसायचे. सहाच्या सुमाराला खाली सायकलवरून भोंगा वाजवत पोदेर, म्हणजे तिथला पाववाला, यायचा. हे जिना उतरून पोळी घ्यायचे. गोव्यात पोळी म्हणजे कोंड्याचा पाव, आपली पोळी नव्हे. चौथ्या दिवसापासून हे खाली येईपर्यंत तो फाटकापाशी थांबायला लागला.

जेवणाचंही तेच. घरी यांचं जेवण दुपारी साडेबारा आणि रात्री साडेसात, त्यात अर्ध्या तासाचा फरक पडला की साखर खाली येते आणि हात थरथरायला लागतात. हॉटेलात ऑर्डर दिल्यावर ताट कधी येईल याचा भरवसा नाही. मी घरून कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ, दाण्याचा कूट आणि लसणाचं तिखट नेलं होतं. मडगावच्या बाजारात वांगी मिळाली. आपल्याकडच्या बामणोदच्या वांग्याची चव त्यांना नाही, पण भरीत झालं.

आणि फ्रीज! कित्येक हॉटेलांत दाराजवळचं कार्ड काढलं की सगळ्या खोलीची वीज जाते, फ्रीजसकट. आपण दिवसभर फिरायला बाहेर, आणि इन्सुलिनच्या न उघडलेल्या बाटल्यांना २ ते ८ अंश तापमान लागतं.

पैशाचं म्हणाल तर फ्लॅट २,४०० रुपये रोज, १४ दिवसांचे ३३,६००, वर साफसफाईचे १,५००. तिथलंच बरं हॉटेल ३,८०० सांगत होतं, म्हणजे ५३,२०० आणि त्यावर ५ टक्के जीएसटी. मार्च २०२० पासून रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत गेली ती गेलीच, तेव्हा मुक्कामात वाचलेले वीस हजार पेन्शनवाल्यांना लहान रक्कम नाही.

येत्या जानेवारीत २१ दिवस जायचं आहे. सोबत माझ्या ७८ वर्षांच्या नणंदबाई येणार, त्या वॉकर घेऊन चालतात. घरात सगळे म्हणतात, आता तरी हॉटेल घ्या. मला पटत नाही. बोला.

अमळनेरची लेक:

ताई, सगळं वाचलं. चहा तुमच्या यांनी केला हे वाचून बरं वाटलं. पण कळण्याची भाकरी कोणी थापली? वांगी कोणी भाजली? पीठ, कूट, तिखट यांचे डबे कोणी भरले?

दोन वर्षांपूर्वी आम्ही महाबळेश्वरला सहा दिवस असाच फ्लॅट घेतला होता. सासू-सासरे, आम्ही दोघं. "घरचं जेवण मिळेल" म्हणून सगळे खूश. मी ५९ वर्षांची आहे, माझ्या गुडघ्यांचं वय त्याहून जास्त आहे. तिथल्या ओट्याला कोपऱ्यात एकच शेगडी, चाकू बोथट, कुकरची शिट्टी गायब. सहा दिवसांत मी पॉइंट पाहिले दोन. एरवी घरात भांड्यांना बाई येते, तिथे तीही नव्हती. परत येताना सासरे म्हणाले, घरच्यासारखं वाटलं. त्यांना वाटलं खरं, आणि मलाही अगदी घरच्यासारखंच वाटलं, म्हणून तर मला रडू आलं.

चाळीस वर्षं रांधलेल्या बाईला २१ दिवस कोणीतरी ताट वाढून द्यावं, असं तुमच्या घरात कोणाच्या मनात का येत नाही? माझं मत हॉटेलला.

केळीबाग (जळगाव):

तुमचं बोलणं लागलं मला, खोटं कशाला सांगू. पहिले तीन दिवस मीच केलं. चौथ्या दिवशी कंबर धरली, तेव्हा ठरलं की रात्रीची खिचडी हे करतील आणि दुपारी एक दिवसाआड बाहेर जेवायचं. भांड्यांना त्या इमारतीत येणारी बाई मिळाली. मला रांधायला आवडतं हे खरं, पण तुमच्या सासऱ्यांनी तुम्हाला विचारलं नव्हतं आणि मला यांनीही आधी विचारलं नव्हतं, हेही खरं.

तरी एक सांगते. हॉटेलचं तेलकट जेवण चार दिवस खाल्लं की यांच्या साखरेचे आकडे बघून मला रात्रभर झोप येत नाही. ती जागरणं पण माझ्याच वाट्याची आहेत.

पांझराकाठ (धुळे):

मी हाडांच्या वॉर्डात ३१ वर्षं नर्स होते. भाकरी आणि चहा बाजूला ठेवा ताई, नणंदबाईंबद्दल बोलू.

आमच्याकडे खुब्याचं हाड मोडून येणारी म्हातारी माणसं बहुतेक घरात पडलेली असायची. रात्री लघवीला उठताना, बाथरूमच्या उंबऱ्याला पाय अडकून, ओल्या फरशीवर. स्वतःच्या घरात, जिथे डोळे मिटून चालता येतं तिथे ही गत, तर नव्या जागेत काय? बटण कुठे आहे हेच हाताला माहीत नसतं.

तुम्ही मालकाला फ्रीज आहे का विचारलंत, आता हे विचारा. बाथरूमला उंबरा आहे का, किती उंच? कमोडशेजारी पकडायला भिंतीत बसवलेली दांडी आहे का? नॅपकिन अडकवायची नळी धरून उठायचं नाही, ती भिंतीतून निघून येते. अंघोळीला बसायला पक्कं स्टूल आहे का? आणि दरवाजाची रुंदी. वॉकर कितीतरी बाथरूमच्या दारांतून सरळ जात नाही. मग माणूस वॉकर बाहेर सोडून दोन पावलं भिंतीला धरून जातो, आणि त्याच दोन पावलांत पडतो.

दुसरं, कडी. वयस्कर माणसं परक्या जागी घाबरून आतून वरची-खालची कडी लावतात. हॉटेलात नुसतं कुलूप ओढलेलं असेल तर खालचा माणूस दुसऱ्या चावीने दार उघडू शकतो. फ्लॅटमध्ये आतून कडी असेल आणि तुम्हा तिघांपैकी कोणालाच उठून ती काढता येत नसेल, तर दार फोडावं लागेल. कोणाला ऐकू जाणार? सुट्टीच्या इमारतीत शेजारचे अर्धे फ्लॅट बंद असतात. १०८ गोव्यातही येते, पण फोन करणारा हवा आणि पत्ता सांगता यायला हवा.

खाली रात्रभर जागा माणूस असेल अशीच जागा घ्या. म्हणजे हॉटेल.

सातपुडा (शहादा):

बाई, तुमच्या अनुभवापुढे मी काय बोलणार. पण "रात्रभर जागा माणूस" हे मात्र मी पाहिलेलं नाही. आम्ही चौघं निवृत्त शिक्षक दरवर्षी कुठेतरी जातो. साध्या लॉजमध्ये रात्री अकरानंतर पोरगा काउंटरमागे गादी टाकून झोपतो, त्याला उठवायला बेल तीनदा मारावी लागते. दांड्या तिथेही नसतात. बाथरूमला वीतभर उंबरा तिथेही असतो. तुम्ही म्हणता ते मोठं हॉटेल पेन्शनरला परवडत नाही.

आम्हाला फ्लॅट आवडतो तो हॉलसाठी. हॉटेलात चौघांच्या दोन खोल्या, दार लावलं की दोघं इकडे, दोघं तिकडे. आमच्यातल्या एकाची बायको चार वर्षांपूर्वी गेली. त्याला बंद खोलीत संध्याकाळ खायला उठते. फ्लॅटच्या हॉलमध्ये तो सोफ्यावरच झोपतो, आम्ही पत्ते खेळत असतो, त्याला आवाज हवा असतो. याची किंमत कुठल्या दरपत्रकात नाही.

ताई, एक मात्र बघा. गोव्यात पर्यटकांना जागा भाड्याने देणाऱ्याला १९८२ च्या कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी क्रमांक मागा. टाळाटाळ करणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नका.

तापीकाठ (भुसावळ):

मी नोकरीला पुण्यात, आई-वडील भुसावळला. गेल्या वर्षी त्यांना काशीला पाठवलं, आणि मोबाइलवर फोटो बघून मीच फ्लॅट घेतला. गाडी चार तास लेट. हे दोघं रात्री एक वाजता गल्लीत पोहोचले. चावी दाराशेजारच्या पेटीत, पेटीला आकड्यांचं कुलूप. वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन महिन्यापूर्वीचं, गल्लीत दिवा नाही, आकडे दिसेनात. मालक फोन उचलेना. मी पुण्यात फोनवर आकडे सांगतोय आणि पलीकडून आईचा आवाज येतोय, "बाळा, नाही रे उघडत." दीड तास पायरीवर बसले. शेवटी एका माणसाने त्यांना जवळच्या धर्मशाळेत नेलं, तिथल्या म्हाताऱ्या व्यवस्थापकाने दार उघडलं, प्यायला पाणी दिलं.

तेव्हापासून मी ठरवलंय, आई-वडिलांसाठी दारात माणूस असलेलीच जागा. स्वयंपाकघर नसलं तरी चालेल. शहाद्याचे काका म्हणतात तो काउंटरमागे झोपलेला पोरगासुद्धा मला चालेल. बेल तीनदा मारली की तो उठतो तरी.

फर्दापूर रस्ता (जळगाव):

मी टूरिस्ट गाडी चालवतो. जळगावला उतरून अजिंठा बघायला येणारे पुष्कळ पाहुणे साठीच्या पुढचे असतात. एकच सांगतो, दोन रात्रींसाठी फ्लॅट घेऊ नका. जळगावपासून लेणी साधारण ६० किलोमीटर. तिथे आपली गाडी खाली सोडून बसने वर जायचं, मग पायऱ्या. गुडघे दुखत असतील तर डोलीवाले असतात. सोमवारी लेणी बंद. परत येईस्तोवर माणूस दमलेला, तेव्हा मीठ-तेल आणायला कोण जाणार? डिपॉझिट, साफसफाईचे पैसे, किराणा हे सगळं दोन रात्रींसाठी वाया. गरम पाणी, लिफ्ट, खालीच शेवभाजी मिळेल असं हॉटेल घ्या. २१ दिवसांची गोष्ट वेगळी असेल, ती ताईंना माहीत.

पांझराकाठ (धुळे):

शहाद्याचे सर, लॉजबद्दल तुमचं बरोबर आहे, मी चांगल्या हॉटेलाचा विचार करून बोलले. ताई, फ्लॅटच घेणार असाल तर कडी लावू नका, नुसतं कुलूप ओढा, एक चावी खालच्या वॉचमनकडे ठेवा. संडासापर्यंतच्या वाटेवर रात्री छोटा दिवा. फ्रीजमध्ये इन्सुलिन बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवू नका, गोठलं की ते कामातून गेलं, फेकूनच द्यायचं. आणि आधी दाराचं माप मागवा. बाकी सगळं त्यानंतर.

केळीबाग (जळगाव):

सगळ्यांचं वाचून आज दुपारी मालकाला फोन केला. गेल्या वर्षीचाच फ्लॅट मनात होता. त्यांनी बिचाऱ्यांनी टेप लावून फोटो पाठवला. बाथरूमचं दार आतून आत २३ इंच. इकडे यांनी वॉकर मोजला, २४ इंच. पंधरा दिवस मी त्या दारातून रोज ये-जा केली, पण ते अरुंद आहे हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. नणंदबाई म्हणाल्या, मी आडवी होऊन जाईन. मी म्हटलं, नाही.

तो फ्लॅट सोडला. भुसावळच्या भाऊंच्या आईचं पायरीवर बसणं डोक्यातून जात नाहीये, म्हणून मालक त्याच आवारात राहतो अशी दुसरी जागा काढली. अमळनेरच्या ताई, तिथे दुपारचा डबा मिळतो, तो मी २१ दिवसांचा लावणार आहे. भाकरी रात्रीची, आणि तीही मन असेल तर. यांना सांगून झालंय, ते कबूल आहेत.

दार २९ इंच, उंबरा नाही, दांडी बसवून द्यायला तयार आहेत. पण जागा दुसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट आहे. वीज गेल्यावर जनरेटरवर लिफ्ट चालते की नुसते जिन्यातले दिवे, ते त्यांना सांगता आलं नाही. उद्या सकाळी वॉचमनला विचारून कळवतो म्हणाले.