काळी एकमध्ये लिहिलेली चाल व्हायोलिन-चेलोवर दबलेली का वाटते?

पेटीवाला_अंबाजोगाई
नमस्कार मंडळी. मी पेटी वाजवतो, शाळेत संगीत शिकवतो. १७ सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनासाठी आजीच्या जात्यावरच्या ओवीची चाल घेऊन सहा मिनिटांचं वृंदवादन लिहिलंय. गाणं नाही, फक्त गजाची वाद्यं: सहा व्हायोलिन, दोन व्हिओला (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, खालच्या सुराचं), दोन चेलो (त्याहून मोठं नि खर्जाचं). चाल शुद्ध स्वरांची, लय साठची (मिनिटाला साठ मात्रा). माझा हात काळी एकला (पेटीची पहिली काळी पट्टी हाच सा) बसलेला, म्हणून सगळं तिथंच लिहिलं.

संगणकावर ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता. रविवारी छत्रपती संभाजीनगरला पहिली तालीम झाली आणि घशात आवंढा आला. वादक चांगले, वाचन पक्कं, पण आवाज गोधडीखालून आल्यासारखा. सोळा मात्रांच्या ओळीवर मी एकच कमान (म्हणजे सगळे सूर एकाच गजात) काढली होती, ती मधेच तुटायची. सुरुवातीला व्हायोलिनला मध्य सा आणि मंद्र प एकदम दिलाय, तर एक मुलगी नम्रपणे म्हणाली, "सर, हे दोन्ही सूर एकाच तारेवर येतात, एकदम कसे वाजवू?" व्हायोलिनचे दोन-दोनचे तीन गट केले होते, तेही बेसूर वाटले. पेटीवर हे सगळं दोन हातांत सहज बसतं. माझं नेमकं कुठं चुकतंय?

परभणीकर
दहा वादकांत भारदस्तपणा येणार नाही सर. मागून कीबोर्डवर स्ट्रिंग्ज धरा, माइकला थोडा रिव्हर्ब द्या. आमच्या मेळ्यात आम्ही हेच करतो.

मधली_तार_लातूर
परभणीकर, रागावू नका, पण मला हे पटत नाही. कीबोर्ड मागे लावला तर ही दहा माणसं नुसती दिसतील, ऐकू येणार नाहीत. दोष संख्येचा नाही, लिहिण्याचा आहे, आणि तो दुरुस्त होण्यासारखा आहे. मी बरीच वर्षं मुंबईत रेकॉर्डिंगला व्हिओला वाजवला, आता लातुरात असते.

सर, आधी पट्टी बदला. व्हायोलिनच्या चार मोकळ्या तारा पेटीच्या भाषेत खालून वर पांढरी पाच, दोन, सहा आणि तीन. शुद्ध स्वरांची चाल काळी एकमध्ये घेतली की यातली एकही तार चालीत येत नाही. सगळे सूर बोटाखाली दाबलेले, आणि बाजूच्या तारा मुक्या. तीच चाल अर्धा सूर चढवून पांढरी दोनमध्ये घ्या. आता त्याच चार तारा म, सा, प, रे होतात. तुम्ही वरचा सा वाजवला की खालची न छेडलेली सा-ची तार आपोआप थरथरते. वादकाला ती हनुवटीखालच्या लाकडात जाणवते. गोधडी इथंच निघेल.

त्या मुलीचं बरोबर आहे. काळी एकचा मध्य सा व्हायोलिनच्या दुसऱ्या तारेच्या अर्धा सूर खाली येतो. मग तो आणि त्याखालचा प, दोन्ही सगळ्यात जाड तारेवरच सापडतात. एका तारेतून एका वेळी एकच सूर निघतो. पांढरी दोनमध्ये सा मोकळ्या तारेवर, प जाड तारेवर पहिल्या बोटाला. सहावीतलं पोरही वाजवेल. चेलोला तर सा आणि प या शेजारच्या दोन मोकळ्या तारा मिळतात. बोट न लावता दोन्हींवर संथ गज फिरवला की तानपुरा तयार. फक्त मोकळ्या तारेवर कंप किंवा आंदोलन मागू नका, तिथं बोटच नसतं.

आता गज. संगणकातला गज संपत नाही, खरा संपतो. साठच्या लयीत जोरात वाजवलं तर चार-पाच मात्रांत टोक येतं, हळू वाजवलं तर आठ-दहा मात्रा निघतात. तुमच्या आजी जिथं श्वास घ्यायच्या तिथं कमान तोडा. खाली ओढलेला गज आपसूक वजनदार पडतो, वर ढकललेला हलका. जात्याचा खुंटा आपल्याकडे ओढताना जो जोर लागतो, त्या मात्रेवर ओढता गज लिहा. ओळ अखंडच हवी असेल तर "गज वेगवेगळ्या वेळी पलटा" असं लिहा. एका स्टँडवरचे दोघं आपसात ठरवून घेतात, ऐकणाऱ्याला सांधा कळत नाही.

दोन-दोनचे गट मोडा. एकट्याचा सूर स्वच्छ लागतो. दोघं एकच सूर धरतात तेव्हा केसाएवढा फरकही कानात डुगडुगतो. तिघं झाले की तो मिसळून जातो. म्हणून तीन-तीनचे दोन गट करा आणि तिसरा सूर व्हिओलाला द्या. एवढं सांगते, व्हिओलाला नुसतं भरताड देऊ नका. ओवीचा एक चरण आम्हाला द्या. खालच्या तारांवर तो बाईमाणसाच्या सकाळच्या आवाजासारखा लागतो.

परभणीकर
ताई, पटलं. मींडेचं, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याचं, काय करावं? आमच्याकडे तीही सगळ्यांना देतात.

मधली_तार_लातूर
मींड एकालाच द्यावी, बाकीच्यांनी सूर धरावा. सहा जण सहा वेगांनी घसरले की त्याचा चिखल होतो. आणि कोणत्या तारेवर घ्यायची तेही लिहावं. मधे तार बदलली की मींड तुटते.

पेटीवाला_अंबाजोगाई
ताई, चार रात्री जागून सगळं पांढरी दोनमध्ये उतरवलं. काल दुसरी तालीम झाली. चेलोच्या मोकळ्या सा-प वर पहिला गज पडला आणि खोलीतली खिडकीची काच झणझणली. जात्याची घरघर हवी होती, तर दुसऱ्या चेलोवाल्यानं घोडीजवळ, जाड तारेवरचा खालचा सा संथ गजानं खरवडून दाखवला. तोच ठेवला. पहिला चरण व्हिओलाला दिलाय.

तिथूनच आईला फोन लावून ऐकवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "चाल तीच हाय, पण जातं लई पळतंय. पीठ भरड येईल." म्हणून लय साठवरून चोपन्नवर आणतोय. गजाचा हिशेब आज रात्री परत मांडायला बसतो.