शब्दचर्चा : १९०५च्या न्यूझीलंड रग्बी दौऱ्यातले शब्द (फाइव्ह-एट्थ, विंग-फॉरवर्ड, ट्राय, ओरिजिनल्स)

अनुवादिका

१९०५-०६ मध्ये न्यूझीलंडच्या रग्बी संघाने ब्रिटन, आयर्लंड, फ्रान्स आणि शेवटी उत्तर अमेरिका असा जो दौरा केला, त्यावरच्या एका दीर्घ लेखाचा मराठी अनुवाद करते आहे. वाचकाला क्रिकेट चांगले ठाऊक आहे, रग्बी जुजबी, असे धरून चालले आहे. पुढचे शब्द अडले आहेत :

१) ‘फाइव्ह-एट्थ’ ही खेळाडूची जागा. शब्दशः ‘पाच अष्टमांश’, पण त्यातून काहीच कळत नाही.
२) ‘विंग-फॉरवर्ड’. आजच्या रग्बीकोशात ‘फ्लँकर’ असा पर्याय मिळतो. तो चालेल का?
३) ‘ट्राय’. ‘प्रयत्न’ लिहू की ‘गोल’?
४) ‘ओरिजिनल्स’ हे संघाचे नाव.
५) गुणसंख्या जशीच्या तशी द्यावी की आजच्या हिशेबाने?

रेषापंच

फाइव्ह-एट्थपासून सुरुवात करू, कारण या शब्दाची गंमत मराठी माणसाला इतरांपेक्षा लवकर कळेल. स्क्रमला (दोन्ही संघांचे फॉरवर्ड एकमेकांना भिडून चेंडूसाठी रेटतात ती जुळणी) चिकटून असतो तो हाफ-बॅक, बराच मागे पसरलेले असतात ते थ्री-क्वार्टर आणि सगळ्यांच्या मागे फुलबॅक. ही नावे अपूर्णांकांवर बेतलेली आहेत. न्यूझीलंडने हाफ आणि थ्री-क्वार्टर यांच्या मधोमध आणखी खेळाडू उभे केले तेव्हा त्यांना नाव हवे होते. रुपयाच्या हिशेबात हाफ आठ आणे, थ्री-क्वार्टर बारा आणे, फुलबॅक सोळा आणे. मधला माणूस अर्थातच दहा आणे, म्हणजे पाच अष्टमांश. ही जागा रुजवण्याचे श्रेय ओटागोच्या जिमी डंकन यांना दिले जाते आणि या दौऱ्यात संघाचे प्रशिक्षकही तेच होते.

अनुवादात ‘फाइव्ह-एट्थ’ तसाच ठेवा आणि पहिल्या वेळी एका वाक्यात आण्यांचा हिशेब सांगा. ‘दहा-आणेवाला’ असे काही पुढे वापरू नका. तो खुलासा आहे, संज्ञा नव्हे. हे खेळाडू दोन असतात हेही लक्षात ठेवा. फर्स्ट फाइव्ह-एट्थ म्हणजे न्यूझीलंडबाहेर ज्याला फ्लाय-हाफ म्हणतात तो, आणि सेकंड फाइव्ह-एट्थ म्हणजे आजचा इनसाइड सेंटर. या दौऱ्यात उपकर्णधार बिली स्टेड हे फर्स्ट, तर ४४ ट्राय करणारे जिमी हंटर हे सेकंड फाइव्ह-एट्थ. लेखात नुसते ‘फाइव्ह-एट्थ’ आले तर कोणता, हे नावावरून ताडून घ्या.

कोशवाचक

रेषापंच, आण्यांचा दाखला नेमका आहे. पण पंधरा जणांची पूर्ण मांडणी एकदा दिलीत तर दुसऱ्या प्रश्नाचेही उत्तर त्यातच निघेल.

रेषापंच

देतो. स्क्रममध्ये भिडणारे ते फॉरवर्ड, त्यांच्या मागचे सगळे बॅक. त्या काळच्या ब्रिटिश संघात साधारणपणे ८ फॉरवर्ड, २ हाफ-बॅक, ४ थ्री-क्वार्टर, १ फुलबॅक. न्यूझीलंडच्या संघात स्क्रममध्ये ७ फॉरवर्ड, बाहेर १ विंग-फॉरवर्ड, मग १ हाफ-बॅक, २ फाइव्ह-एट्थ, ३ थ्री-क्वार्टर, १ फुलबॅक. दोन्ही बेरजा १५.

म्हणजे न्यूझीलंडने स्क्रममधला एक माणूस कमी करून तो बाहेर काढला. हा विंग-फॉरवर्ड स्क्रममध्ये चेंडू सोडायचा आणि तिथेच बाजूला उभा राहायचा. चेंडू त्याच्या हाफ-बॅककडे मागून बाहेर आला की समोरच्या हाफ-बॅकला त्याच्यापर्यंत पोचायला विंग-फॉरवर्डला वळसा घालून जावे लागे. कर्णधार डेव्ह गॅलहर स्वतः या जागेवर खेळत. ब्रिटिश वृत्तपत्रांनी आणि पंचांनी याला अडथळा म्हटले, गॅलहर यांच्यावर सामन्यामागून सामन्यात दंड लागले आणि दौऱ्यातला सर्वात कडवट वाद हाच होता.

म्हणून ‘फ्लँकर’ अजिबात चालणार नाही. फ्लँकर स्क्रमच्या आत, कडेला बांधलेला असतो; गॅलहर स्क्रमच्या बाहेर होते. ‘फ्लँकर’ लिहिले की प्रेक्षक हुर्यो का उडवत होते हे वाचकाला कळणारच नाही. घोळ होतो तो असा : ब्रिटनमध्ये पुढे ‘विंग-फॉरवर्ड’ हाच शब्द फ्लँकरसाठी वापरला गेला, त्यामुळे कोशात तो अर्थ सापडतो. तो अर्थ खरा आहे, पण या संघाचा नाही.

काही ठिकाणी याच खेळाडूला ‘रोव्हर’ म्हटलेले आढळेल. तिथेही जपून. वेल्सने १६ डिसेंबर १९०५च्या सामन्यासाठी न्यूझीलंडच्या मांडणीला तोड म्हणून आपलेही सातच फॉरवर्ड ठेवले आणि क्लिफ प्रिचर्ड यांना जादा बॅक म्हणून खेळवले. त्यांनाही रोव्हर म्हणतात. ते गॅलहर यांच्यासारखे स्क्रमपाशी खिळलेले नव्हते, मोकळे फिरत होते.

सांधेवाला

स्क्रमविषयी एक भर. न्यूझीलंडचा स्क्रम २-३-२ असा रचलेला असे : पुढे दोन, मध्ये तीन, मागे दोन. पुढचे दोघेही हूकर, म्हणजे चेंडू टाचेने मागे ओढणारे. त्यामुळे आजच्या अर्थाचे ‘प्रॉप’ (पहिल्या ओळीत हूकरच्या दोन्ही बाजूंना असणारे) या संघात नव्हतेच. अनुवादात तो शब्द शिरू देऊ नका. मधल्या तिघांतला बरोबर मधला तो ‘लॉक’. पुढच्या दोघांना जखडून ठेवणारे कुलूप, म्हणून लॉक. आज लॉक दोन असतात, तेव्हा एकच. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला नियमांनी पहिल्या ओळीत तिघे हवेत असे ठरवले आणि २-३-२ रचना, तिच्याबरोबर जुना विंग-फॉरवर्डही, खेळातून गेला.

क्रियापदांचे पाहा : स्क्रम ‘बांधतात’, चेंडू आत ‘सोडतात’, हूकर तो ‘ओढतो’. ‘स्क्रम लढवतात’ असे काही मराठी बातम्यांत असते, ते ढोबळ आहे.

कोशवाचक

‘ट्राय’बद्दल मी सांगते. ‘प्रयत्न’ हा मुळाशी खरा अर्थ आहे. जुन्या रग्बीत गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवला की त्याचे गुण मिळत नसत. गोलावर लाथ मारून प्रयत्न करण्याचा हक्क मिळे. तो प्रयत्न म्हणजे ट्राय. नंतर टेकवण्यालाच गुण मिळू लागले आणि नाव तेच राहिले. पण आज ‘हंटर यांनी दोन प्रयत्न केले’ असे लिहिले तर मराठीत त्याचा अर्थ ‘दोनदा धडपडले, जमले नाही’ असा उलटा होतो. म्हणून ‘ट्राय’च. ‘गोल’ तर नाहीच, कारण गोल ही रग्बीत वेगळी गोष्ट आहे : आडव्या दांड्यावरून चेंडू लाथेने पलीकडे घालणे.

‘टचडाऊन’ हा पर्यायही टाळा. तो अमेरिकन फुटबॉलचा आहे आणि तिथे चेंडू जमिनीला लावावा लागत नाही. रग्बीत लावावाच लागतो. मराठीत त्यासाठी ‘टेकवणे’ हेच क्रियापद योग्य वाटते. ‘ठेवणे’ फार निवांत आहे, ‘आपटणे’ चुकीचे आहे.

या दौऱ्यात टेकवण्यावर सगळा इतिहास अडला आहे. वेल्सविरुद्ध कार्डिफला न्यूझीलंड ०-३ हरले, टेडी मॉर्गन यांच्या एका ट्रायमुळे. दुसऱ्या सत्रात बॉब डीन्स रेषेवर झेपावले. न्यूझीलंडचे म्हणणे, चेंडू पलीकडे टेकवला होता, मग त्यांना मागे ओढले. वेल्सचे म्हणणे, ते रेषेच्या अलीकडेच पडले. स्कॉटिश पंच जॉन डॅलस मागे राहिले होते. त्यांनी ट्राय दिला नाही. इथे अनुवादात ‘रेषेवर’, ‘रेषेपलीकडे’, ‘रेषेपाशी’ हे तीन शब्द काटेकोरपणे वेगळे ठेवा. कोण बोलतो आहे त्यावरून शब्द बदलतो, आणि अनुवादकाने नकळत एक बाजू घेऊ नये.

रेषापंच

पाचवा प्रश्न, गुणांचा. मूळ गुण तसेच ठेवा. बदलले तर इतिहासच खोटा ठरेल. पण त्या वेळचा तक्ता एकदा द्या : ट्राय ३, त्यावरचे कन्व्हर्जन (ट्रायनंतर मिळणाऱ्या लाथेवर केलेला गोल) २, पेनल्टी गोल (समोरच्याला दंड झाल्यावर मिळालेल्या लाथेवरचा) ३, ड्रॉप गोल (खेळ चालू असताना चेंडू जमिनीवर टाकून उसळताच मारलेला) ४, मार्कवरून गोल (चेंडू झेलून ‘मार्क’ पुकारल्यावर मिळालेल्या लाथेवरचा) ३. ड्रॉप गोल ट्रायपेक्षा महाग होता, ही गोष्ट आजच्या वाचकाला सांगावीच लागते. आज ट्राय ५ आणि ड्रॉप गोल ३.

का सांगावी ते पाहा. १६ सप्टेंबर १९०५ला एक्झिटरमध्ये पहिल्या सामन्यात न्यूझीलंडने डेव्हनला ५५-४ हरवले. त्यात १२ ट्राय, ८ कन्व्हर्जन, १ पेनल्टी : ३६ + १६ + ३. डेव्हनचे ४ म्हणजे एक ड्रॉप गोल. आजच्या हिशेबाने हाच सामना ७९-३. बिली वॉलेस यांचे त्यातले २८ गुण : ३ ट्राय, सगळी ८ कन्व्हर्जन आणि ती पेनल्टी.

आणखी बोलके उदाहरण आयर्लंड आणि इंग्लंडचे. दोन्ही सामने १५-०. पण आयर्लंडविरुद्ध ३ ट्राय आणि तिन्हीवर कन्व्हर्जन, तर इंग्लंडविरुद्ध ५ ट्राय आणि एकही कन्व्हर्जन नाही. त्यांतले ४ एकट्या डंकन मॅकग्रेगर यांचे. आजच्या तक्त्याने एक २१-०, दुसरा २५-०. ‘सारख्याच फरकाने जिंकले’ असे वाक्य लेखात असेल तर तिथे कंसात खुलासा करा.

कोशवाचक

‘ओरिजिनल्स’कडे वळू. हे नाव त्यांना नंतर मिळाले, पुढच्या संघांपासून वेगळे ओळखता यावे म्हणून. १९०५ सालच्या प्रसंगात कोणाच्या तोंडी ते घालू नका. मराठीत ‘आद्य’ हा विशेषण म्हणून छान बसतो : ‘आद्य ऑल ब्लॅक्स’ (ऑल ब्लॅक्स हे न्यूझीलंडच्या राष्ट्रीय रग्बी संघाचे नाव). ‘मूळचे’ म्हटले की मूळ रहिवासी असा भास होतो, आणि तो इथे खास धोक्याचा आहे, कारण १८८८-८९ मध्ये ‘नेटिव्ह्ज’ म्हणून ओळखला गेलेला, बहुतांशी माओरी खेळाडूंचा, खासगीरीत्या उभा केलेला संघ ब्रिटनला जाऊन आला होता; ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड मिळून त्याचा दौरा १०७ सामन्यांचा होता. तेव्हा १९०५च्या संघाला ‘ब्रिटनला गेलेला पहिला न्यूझीलंड संघ’ म्हणणेही चूक. ‘राष्ट्रीय संघटनेने ब्रिटनला पाठवलेला पहिला संघ’ हे बरोबर.

‘ऑल ब्लॅक्स’चे भाषांतर करू नये. ‘ऑल बॅक्स’ (सगळेच बॅक) या शब्दातला छापण्याचा घोटाळा म्हणून हे नाव पडले अशी गोष्ट पुष्कळांना पाठ आहे. ती लोकव्युत्पत्ती आहे. डेव्हनच्या सामन्याच्या वृत्तांतातच एक्झिटरच्या वृत्तपत्राने काळ्या पोशाखावरून हे नाव पडल्याचे नोंदवले आहे.

अनुवादिका

तिघांचेही आभार. एकच उरले : लेखात १९०५ आणि १९२४-२५ या दोन्ही संघांना मिळून ‘अजिंक्य’ म्हटले आहे. तसेच ठेवू का?

कोशवाचक

नको. १९०५च्या संघाने एकूण ३५ पैकी ३४ सामने जिंकले, ९७६ गुण केले आणि ५९ दिले; पण कार्डिफची हार आहेच. १९२४-२५च्या ‘इन्व्हिन्सिबल्स’नी ब्रिटन, आयर्लंड, फ्रान्स आणि कॅनडा मिळून सगळे ३२ जिंकले. मराठीत ‘अपराजित’ म्हणजे जो हरला नाही, ‘अजिंक्य’ म्हणजे ज्याला हरवता येत नाही. त्यांच्या नावाचे भाषांतर म्हणून ‘अजिंक्य’, कामगिरी सांगताना ‘अपराजित’. १९०५साठी दोन्ही नाहीत.

सांधेवाला

आणि ‘अपराजित’ लिहिताना ‘चारही ब्रिटिश देशांना हरवून’ असे त्याला जोडू नका. १९२४-२५च्या दौऱ्यात स्कॉटलंडशी सामना झाला नाही. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड या चौघांनाही एकाच दौऱ्यात हरवणे, ज्याला ‘ग्रँड स्लॅम’ म्हणतात, ते ऑल ब्लॅक्सना प्रथम साधले १९७८ मध्ये, ग्रॅहम मौरी कर्णधार असताना.